इच्छाशक्ती आणि दोराची गाठ

जो सिम्प्सनचे ‘टचिंग द व्हॉइड’ वाचून झाले की वाचकाच्या तोंडून बहुधा दोन वाक्ये निघतात. पहिले, ‘काय जबरदस्त इच्छाशक्ती!’ आणि लगोलग दुसरे, ‘पण त्या सायमनने दोर कापायला नको होता.’ पुस्तक 1988 साली आले, 2003 साली केव्हिन मॅकडोनाल्डने त्यावर चित्रपट काढला, आणि पुढे प्रेरणादायी भाषणे देणाऱ्यांना ही गोष्ट आयतीच सापडली. एकाच्या गळ्यात हार घालायचा, दुसऱ्याकडे बोट दाखवायचे आणि टाळ्या घ्यायच्या. आमचे म्हणणे असे, की ही दोन्ही वाक्ये चुकीची आहेत. इतकेच नव्हे, तर जो पहिले वाक्य मनापासून बोलतो त्याला दुसरे बोलणे भागच पडते.

आधी घडले काय ते पाहू. पेरू देशातल्या अँडीज पर्वतात वायवाश नावाची रांग आहे. तिच्यात सिउला ग्रांदे हे 6,344 मीटर उंचीचे शिखर. उत्तरेच्या धारेवरून ते 1936 सालीच सर झाले होते, पण पश्चिमेची बर्फाची उभी भिंत चढून माथ्यावर कोणी पोहोचले नव्हते. 1985 साली दोन इंग्रज पोरे ती चढली. सिम्प्सन आणि सायमन येट्स, दोघेही विशीतले. मध्ये कॅम्प नाहीत, आधी लावून ठेवलेले दोर नाहीत, मदतीला तिसरा माणूस नाही. खाली तळावर सामान राखायला लिमामध्ये ओळख झालेला रिचर्ड हॉकिंग नावाचा प्रवासी, त्याला गिर्यारोहणाचा गंध नाही. भिंत चढून झाली. उतरताना उत्तर धारेवर एका बर्फाच्या कड्यावरून सिम्प्सन घसरला आणि उजव्या पायावर आदळला. नडगीचे हाड गुडघ्याच्या सांध्यात वर घुसले. दोनच माणसांच्या तुकडीत एवढ्या उंचीवर पाय मोडणे म्हणजे काय, हे दोघांनाही ठाऊक होते. त्यात स्टोव्हचा गॅस संपलेला. गॅस नाही म्हणजे बर्फ वितळवता येत नाही, बर्फ वितळवता येत नाही म्हणजे पाणी नाही.

यानंतरचे तास वाचक भराभर मागे टाकतो, कारण पुढे दोर कापला जाणार हे त्याला आधीच माहीत असते. खरे तर थांबून वाचायची जागा हीच. येट्सने दीडशे-दीडशे फुटांचे दोन दोर एकमेकांना गाठ मारून जोडले. तीनशे फुटांच्या या दोराच्या एका टोकाला सिम्प्सन, दुसऱ्या टोकाला तो स्वतः. भुसभुशीत बर्फात खड्डा करून तो त्यात पाय रोवून बसे आणि विहिरीत घागर सोडावी तसा मित्राला उतारावर खाली सोडी. दोर हातातून थेट सुटत नव्हता, बिले प्लेट नावाच्या एका लहानशा चकतीतून अडखळत जात होता, म्हणूनच एका माणसाला दुसऱ्याचा भार पेलत होता. पण दीडशे फूट दोर गेला की मधली गाठ त्या चकतीशी येऊन अडे. मग वरून दोराला हिसके द्यायचे. खाली सिम्प्सनने चांगल्या पायावर उभे राहून दोरावरचा भार काढायचा. तेवढ्या सवडीत येट्सने बधिर बोटांनी दोर चकतीतून काढायचा, गाठ पलीकडे घ्यायची, दोर पुन्हा ओवायचा. मग उरलेले दीडशे फूट. खाली पोचल्यावर मोडक्या पायाच्या माणसाने येट्ससाठी पुढचा खड्डा खणायला घ्यायचा आणि येट्सने कसलाही आधार न घेता उतरून यायचे. वाऱ्यात, वादळात, शेवटी शेवटी अंधारात हा क्रम चालला. दर खेपेला तो खड्डा ढासळत असे, सिम्प्सन खाली पोचेपर्यंत टिके इतकेच. अशा रीतीने सुमारे तीन हजार फूट दोघे उतरले. मोडक्या पायाच्या माणसाला एकट्याने एवढा खाली आणणारा गडी पुढे चाळीस वर्षे ‘दोर कापणारा’ म्हणून ओळखला जातो, यात वाचनाची काही तरी गफलत आहे.

शेवटच्या खेपेला सिम्प्सन एका बर्फाच्या कड्यावरून खाली गेला आणि अधांतरी लोंबकळला. पायाखाली काही नाही, त्यामुळे दोरावरचा भार निघेना. वर गाठ चकतीशी येऊन अडकली. हिसके देऊन उपयोग नव्हता, कारण खालच्याला उभे राहायला जमीनच नव्हती. ओरडणे वाऱ्यात विरून जात होते. सिम्प्सनने बारीक दोरीचे फास मुख्य दोराला बांधून वर चढायचा प्रयत्न केला, गोठलेल्या बोटांतून एक फास निसटला आणि तो मार्ग संपला. वर येट्स तासाहून जास्त वेळ तो भार धरून बसला. खालून काही कळत नव्हते, खड्डा झिजत होता आणि तो स्वतः इंच इंच खाली ओढला जात होता. तेव्हा त्याला आठवले, की सॅकमध्ये चाकू आहे.

चाकू चालवला नसता तर? येट्सचा खड्डा सुटला असता आणि दोघे एकापाठोपाठ एक खाली गेले असते, किंवा तो गोठेपर्यंत बसून राहिला असता आणि सिम्प्सन खाली लोंबकळत गोठला असता. दोर कापला म्हणून सिम्प्सन कड्याखालच्या हिमनदीच्या भेगेत, गिर्यारोहक जिला क्रेव्हास म्हणतात तिच्यात, पडला. भेगेवरच्या बर्फाच्या छपराने पडण्याचा जोर मोडला आणि आत एका कंगोऱ्यावर तो अडकला. तिथून तो जगला. ज्या कृत्याला वाचक विश्वासघात म्हणतो, त्याच कृत्याने दोघांचेही प्राण वाचले. अर्थात येट्सला तेव्हा हे ठाऊक नव्हते. ते ठाऊक नसताना, मित्र मरणार असे समजून त्याने चाकू चालवला. म्हणूनच त्याला शाबासकी देणे सोपे नाही आणि शिक्षा ठोठावणे तर त्याहून सोपे नाही.

आता इच्छाशक्तीकडे येऊ. भेगेतून वर चढणे अशक्य आहे हे कळल्यावर सिम्प्सनने उलटे केले. उरलेल्या दोरावरून तो आणखी खाली, काळोखात उतरला. व्याख्यानात हा प्रसंग ‘हार न मानणारा माणूस’ म्हणून रंगवतात. पण सिम्प्सन स्वतः काय सांगतो? दोराच्या खालच्या टोकाला त्याने मुद्दाम गाठ मारली नव्हती. तळ लागला नाही आणि दोर संपला, तर टोक चकतीतून निसटेल आणि एकदाचे सुटेल, असा तो हिशेब. जगण्याची जिद्द म्हणून आपण ज्या क्षणाला टाळ्या देतो, त्या क्षणी त्या माणसाने मरणाची सोयसुद्धा करून ठेवली होती. तळाशी बर्फाचा एक पडदा होता, पलीकडे चढ होता आणि वर उजेड होता. तो उजेड त्याने निर्माण केला नव्हता, तो तिथे होता.

मग हिमनदी आणि दगडगोट्यांचा पसारा ओलांडून तळापर्यंत सुमारे आठ किलोमीटर, तीन दिवस, अन्नाशिवाय आणि जवळजवळ पाण्याशिवाय. कधी सरपटत, कधी एका पायावर उड्या मारत, पडत. घड्याळ बघायचे, समोरचा एखादा खडक ठरवायचा, वीस मिनिटांत तिथे पोचायचे. पोचला की पुढचा खडक. दगडांखालून पाणी वाहल्याचा आवाज येई, पाणी मात्र सहसा हाती लागत नसे. डोक्यात ‘बोनी एम’चे एक गाणे अडकून बसले होते, जे त्याला आवडतसुद्धा नव्हते. या सरपटण्याबद्दल सिम्प्सनने पुढे चित्रपटात जे सांगितले ते प्रेरणेच्या बाजारात कोणी सांगत नाही. आपण वाचू असे त्याला वाटत नव्हते. मरताना जवळ कोणीतरी असावे, एवढ्यासाठी तो सरपटत राहिला. तळाजवळ पोचल्याची खूण त्याला कशावरून पटली? रात्रीच्या अंधारात शौचाच्या जागेच्या दुर्गंधीवरून. तळ दुसऱ्या दिवशी सकाळी हलणार होता. येट्सने सिम्प्सनचे कपडे जाळूनही टाकले होते. काही तासांचा फरक पडला असता तर ही गोष्टच आपल्यापर्यंत आली नसती.

जिद्द नव्हती असे कोण म्हणेल? दर वीस मिनिटांनी ती होती. पण ती शेवटची आली. तिच्या आधी येट्सचे हात होते, मग चाकू होता, मग भेगेवरचे बर्फाचे छप्पर होते, मग तळाशी पलीकडचा चढ होता. यातली एकही गोष्ट नसती तर जगातली सगळी जिद्द त्या कंगोऱ्यावर गोठून गेली असती.

हे खरे की खोटे, याचा ताळा पाहायला आल्प्समध्ये जावे लागेल. योगायोग असा, की सिउला ग्रांदे पहिल्यांदा सर झाले त्याच 1936 साली, जुलै महिन्यात, स्वित्झर्लंडमधल्या आयगरच्या उत्तर भिंतीवर चौघे अडकले. जर्मनीचे टोनी कुर्ट्स आणि आंद्रेआस हिंटरस्टॉइसर, ऑस्ट्रियाचे विली आंगेरर आणि एडी रायनर. चढताना एका गुळगुळीत कातळपट्ट्यावरून हिंटरस्टॉइसर दोराच्या आधाराने आडवा गेला, मागून बाकीचे आले, आणि तो दोर त्यांनी काढून घेतला. पुढे आंगेररला दगड लागला, माघार घ्यावी लागली, तेव्हा त्या पट्ट्यावर बर्फ चढले होते आणि परतायला दोर नव्हता. सरळ खाली उतरताना हिमप्रपाताने तिघांचा बळी घेतला. कुर्ट्स एकटा दोरावर लटकत राहिला. त्या डोंगराच्या पोटातून रेल्वेचा बोगदा जातो. त्याच्या दारातून बाहेर पडून स्विस वाटाडे त्याच्या हाकेच्या अंतरापर्यंत आले, पण संध्याकाळ झाली म्हणून परतले. कुर्ट्सने ती रात्र भिंतीवर काढली. एक हात गोठून लाकूड झाला होता.

सकाळी वाटाडे पुन्हा आले. त्यांना वर चढता येईना, म्हणून कुर्ट्सने काय करायचे ठरले ते पाहा. खाली लटकलेल्या मृत साथीदाराला दोर कापून सोडून द्यायचे, तो दोराचा तुकडा मिळवायचा, त्याचे पीळ एका हाताने आणि दातांनी उलगडायचे, ते पेड जोडून लांब दोरी करायची, ती खाली सोडायची आणि वाटाड्यांनी तिला बांधलेला नवा दोर वर ओढून घ्यायचा. मनुष्याच्या जिद्दीची याहून मोठी परीक्षा आम्हाला ठाऊक नाही. कुर्ट्सने हे सगळे केले, त्यात कित्येक तास गेले. वाटाड्यांचा एक दोर अपुरा पडला, म्हणून त्यांनी त्याला दुसरा जोडला. जोडायचा म्हणजे गाठ मारायची. कुर्ट्स त्या दोरावरून उतरू लागला आणि ती गाठ त्याच्या कॅरॅबिनरशी, म्हणजे दोर ओवायच्या कडीशी, येऊन अडकली. खाली वाटाडे जवळजवळ हात पोचेल इतके जवळ. गाठ कडीतून जाईना. भार काढायला पायाखाली काही नव्हते. तिथेच, त्या कडीशी झगडत, तेवीस वर्षांचा टोनी कुर्ट्स मेला. पुढे 1938 साली ती भिंत पहिल्यांदा सर करणाऱ्यांतला हाइनरिश हॅरर याने आपल्या पुस्तकात ही हकिगत लिहिली, म्हणून ती जगाला इतकी नीट माहीत आहे.

दोन डोंगर, दोन दोर जोडून केलेला एक दोर, आणि मधली गाठ. सिउला ग्रांदेवर ती वरच्या माणसापाशी अडकली आणि त्याच्या सॅकमध्ये चाकू होता. आयगरवर ती दोरावर लटकणाऱ्या माणसापाशीच अडकली. आता ज्याला इच्छाशक्तीचा सिद्धान्त मांडायचा आहे त्याने सांगावे, की कुर्ट्सची इच्छाशक्ती कुठे कमी पडली. ‘जिद्द असेल तो वाचतो’ हे वाक्य जिवंत माणसाच्या कौतुकासारखे ऐकू येते, पण त्याचा दुसरा अर्धा भाग मेलेल्याला ऐकवायचा असतो, तो असा की तुझी जिद्द कमी पडली. आपण हे डोंगरावरच करतो असेही नाही. कर्करोगातून उठलेल्या माणसाला ‘इच्छाशक्तीच्या बळावर मात केली’ म्हणून आपण सत्कार करतो, आणि त्याच रोगाने गेलेल्याची बायको समोरच्या खुर्चीवर बसून ते ऐकत असते. मेलेली माणसे व्याख्याने द्यायला येत नाहीत. आली असती तर इच्छाशक्तीचा भाव पडला असता.

आमची जुनी पिढी अशा वेळी ‘देव तारी त्याला कोण मारी’ म्हणून मोकळी होई. ते भाबडे होते खरे, पण त्यात निदान गेलेल्याचा अपमान नव्हता.

येट्सला खलनायक का व्हावे लागते, हे आता लक्षात यावे. सगळे श्रेय एका माणसाच्या मनोबळाला द्यायचे ठरले, की त्याच्याभोवतीची बाकीची माणसे एक तर गायब करावी लागतात, नाही तर आडवी घालावी लागतात. 1977 साली काराकोरममधल्या ओग्रे शिखराच्या माथ्याजवळ डग स्कॉटचे दोन्ही पाय मोडले आणि तो गुडघ्यांवर, हातांवर रांगत खाली आला. ही गोष्ट गिर्यारोहणाच्या प्रत्येक गप्पांत निघते. त्याच्या पुढे वाट काढत, दोर लावत उतरलेले मो अँथोइन आणि क्लाइव्ह रोलंड ही नावे किती जणांच्या तोंडी आहेत? आपल्याकडे सह्याद्रीत कोणी दरीत अडकला, तर रात्री-अपरात्री दोर घेऊन उतरतात ती लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या पथकांतली आणि पायथ्याच्या वाडीतली माणसे. बातमीचा मथळा मात्र ‘मृत्यूला हुलकावणी’ असा असतो. जणू मृत्यू आणि तो तरुण, दोघेच तिथे होते.

सिम्प्सनने स्वतः असा अन्याय होऊ दिला नाही, हे त्याचे मोठेपण. तळावर पोचल्या रात्रीच त्याने येट्सला सांगितले, की तुझ्या जागी मीही तेच केले असते. पुढे येट्सवर ताशेरे झडू लागले तेव्हा खरे काय घडले ते मांडावे, हाही पुस्तक लिहिण्यामागचा त्याचा हेतू होता, आणि ते त्याने येट्सलाच अर्पण केले. येट्सचे मोठेपण त्याहून गुपचूप आहे. तळावर तो एकटा परतला तेव्हा साक्षीदार कोणी नव्हता. मित्र पडून मेला, एवढे सांगून भागले असते आणि आयुष्यभर लोकांनी सांत्वन केले असते. त्याने हॉकिंगला दोर कापल्याचे सांगून टाकले. चाकू चालवण्याइतकीच ही गोष्टही वाचकाने हिशेबात धरावी.

पण वाचकाला हिशेब नको असतो, तात्पर्य हवे असते. शाळेत प्रत्येक धड्याखाली ‘यावरून काय बोध होतो?’ असा प्रश्न सोडवत आपण वाढलो, ती सवय सुटत नाही. ही खोड आपलीच आहे असेही नाही. ब्रिटनमध्ये हे पुस्तक शालेय परीक्षेला लावले गेले आणि मुलांना त्यावरचे प्रश्न जड गेले, तेव्हा काहींनी ट्विटरवर थेट सिम्प्सनलाच गाठून शिव्या घातल्या. तीन दिवस सरपटून जिवंत राहिल्याबद्दल लेखकाला मिळालेला हा सर्वांत प्रामाणिक अभिप्राय म्हणायला हरकत नाही. त्या पोरांनी निदान ‘तुमच्यामुळे जगण्याची प्रेरणा मिळाली’ असे खोटे तरी लिहिले नाही.

डोंगरात जाणारी माणसे हे पुस्तक वेगळे वाचतात. दोर किती फुटी होता, गाठ चकतीतून पलीकडे कशी घेतली, फासाच्या दोऱ्या जास्त का नव्हत्या, अंधार पडल्यावर का थांबले नाहीत, असे प्रश्न ती विचारतात. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकातच आहे. गॅस संपला होता. गॅस असता तर बर्फात गुहा खणून, पाणी करून पिऊन, वादळ सरेपर्यंत थांबता आले असते. सकाळच्या उजेडात तो कडा वरून दिसला असता आणि दोर त्याच्या बाजूने सोडला असता. आयगरवर त्या कातळपट्ट्यावर एक दोर मागे सोडला असता, तर चौघांना परतीची वाट राहिली असती. या वाचनात कोणी देव होत नाही आणि कोणी दानव होत नाही, आणि पुढच्या खेपेला एखादा माणूस कमी मरतो.

तेव्हा ज्यांना तात्पर्यावाचून जेवण जात नाही, त्यांच्यासाठी आम्ही एक देऊन ठेवतो. गॅसचा एक डबा जास्त घ्यावा, परतीच्या वाटेवरचा दोर काढू नये, आणि ज्याच्या हातात आपल्या दोराचे दुसरे टोक आहे त्याचे नाव लक्षात ठेवावे. इच्छाशक्ती प्रत्येकजण घरून घेऊनच निघतो.